वाळवंटातला सायब

नमस्कार, श्रोतेहो.

जुन्या गोव्यात बॉम जीझस चर्चमध्ये चांदीच्या पेटीत ठेवलेलं सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. गोवेकर त्याला 'गोंयचो सायब' म्हणतात. हाच सायब मला पुन्हा भेटला तो अमेरिकेत, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात.

टूसॉन शहराच्या दक्षिणेला पंधराएक किलोमीटरवर सान हाविएर देल बाक नावाचं चर्च आहे. हाविएर म्हणजे आपला झेवियरच. वाटेत आपल्या वेड्या बाभळीची बहीण शोभावी अशी मेस्किटची झाडं, दोन-तीन पुरुष उंच साग्वारो निवडुंग, आणि मग एकदम ते पांढरंशुभ्र चर्च. उजव्या मनोऱ्याला घुमटच नाही. तो कधी पुरा झालाच नाही.

१६९२ साली एउसेबियो किनो हा झेवियरच्याच जेझुइट पंथाचा पाद्री इथे आला. त्याला खरं तर झेवियरच्या पावलावर पाऊल ठेवून पूर्वेकडे यायचं होतं. वाट्याला आलं मेक्सिको. म्हणून त्याने निदान नाव तरी आपल्या लाडक्या संताचं दिलं. आजची इमारत मात्र फ्रान्सिस्कन पंथीयांची, १७८३ ते १७९७ मधली, कर्ज काढून उभी केलेली. ती बांधायला ज्यांचे हात लागले त्या तोहोनो ओओदाम या इथल्या मूळच्या आदिवासी लोकांचंच हे गाव. आजही रविवारी प्रार्थनेला तेच जमतात.

आत डावीकडे झेवियरची लाकडी मूर्ती आडवी निजलेली आहे. अंगावर पांघरूण, आणि त्याला टाचण्यांनी टोचलेले धातूचे इवले इवले पाय, हात, डोळे, काळजं. ज्याचं जे दुखतं, ते. वांद्र्याच्या माउंट मेरीला वाहतात ते मेणाचे हातपाय मला तिथेच आठवले. माझ्या पुढच्या आजीबाईंनी मूर्तीच्या मानेखाली हात घातला, डोकं अलगद उचललं, कपाळाला ओठ टेकले. तान्ह्या बाळाला उचलावं तसं. मी हात जोडून उभा राहिलो.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती आपल्याही कामाची आहे. विसाव्या शतकात या चर्चच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा दिला गेला. सिमेंटने ओल आत कोंडली. विटा भिजत राहिल्या, आतली रंगचित्रं पोपडे धरू लागली. मग तो गिलावा खरवडून काढून पुन्हा चुना लावला. त्या चुन्यात काय घातलं? फड्या निवडुंगाचा चिकट रस! कुंपणाला लावतो तोच फड्या. चुन्याची भिंत श्वास घेते, ओल बाहेर टाकते. आतल्या चित्रांची सफाई १९९२ पासून पाच वर्षं चालली, आणि त्यात गावातल्या ओओदाम तरुणांनी ते काम शिकून स्वतः केलं.

आपल्या वाड्यांसाठी घाण्यात चुना मळून त्यात गूळ आणि बेलफळ घालणाऱ्या गवंड्यांच्या नातवंडांना कुणी असं बोलावलं तर? जुन्या देवळांवर सिमेंट थापलेलं दिसलं की माझा जीव तुटतो, म्हणून विचारतो.

निघताना बाहेर मेस्किटच्या खांबांच्या मांडवाखाली एक बाई कढईत मोठ्या पुऱ्या तळत होत्या. त्यांना म्हटलं, "तुमचा हा संत आमच्याकडे असतो." त्या हसल्या आणि पुरीवर मध जरा जास्तच ओतला.