यादी आणि मस्टर

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'महामारीतली सरकारी मदत आणि लोकांचा रोष'. त्यावर बोलणारच आहे. पण आधी तुम्हाला एका बँकेसमोरच्या रांगेत घेऊन जाते, कारण माझं सगळं म्हणणं त्या रांगेतून निघालंय.

तारीख ८ एप्रिल २०२०. टाळेबंदीचा पंधरावा दिवस. २६ मार्चला केंद्रानं १ लाख ७० हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं आणि त्यात महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने दरमहा ५०० रुपये येणार होते. गर्दी टाळायला खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस वाटून दिलेले. शून्य-एकला ३ एप्रिल, दोन-तीनला ४ एप्रिल, असं होत होत सहा-सातची पाळी आली ८ तारखेला. आमच्याकडे चार घरी धुणी-भांडी करणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांच्या खात्याच्या शेवटी सात. आदल्या रात्री फोन आला, "ताई, संगट येता का? पोलीस अडवत्यात."

गेले. बँकेबाहेर चुन्याचे गोल आखले होते आणि बहुतेक गोलांत माणसंच नव्हती, चपला होत्या. एका गोलात पिशवी, एकात विटेचा तुकडा. बायका समोर लिंबाच्या सावलीत बसलेल्या. रांग हलली की उठायचं, आपली चपल पुढच्या गोलात सरकवायची, परत सावलीत यायचं. आज पैसे काढले नाहीत तर सरकार परत घेतं, अशी अफवा होती. तसं नाही म्हणून सरकारला खुलासा करावा लागला. पण खुलासा त्या सावलीपर्यंत पोचला नव्हता. ज्यांना आजवर हातात आलेलं पुन्हा काढून घेतलं गेल्याचाच अनुभव आहे, त्यांनी अफवेवर विश्वास ठेवला तर त्यांना अडाणी म्हणू नका.

तीन तासांनी खिडकी आली. आतल्या मुलानं पासबुक बघितलं आणि म्हणाला, "मावशी, हे जनधनचं खातं नाही." मावशींनी हे खातं २०११ साली उघडलं होतं, मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी. जनधन योजना आली ऑगस्ट २०१४ मध्ये. म्हणजे ज्या बाईनं सरकारनं सांगायच्या तीन वर्षं आधी, स्वतःच्या हिमतीवर बँकेची पायरी चढली, ती यादीत नाही. "मग आता उघडू का?" त्यांनी विचारलं. आता उघडून उपयोग नव्हता. त्या मुलाचा काही दोष नव्हता, सकाळपासून हेच वाक्य त्यानं कितीदा म्हटलं असेल कोण जाणे. मावशींनी पासबुक दुधाच्या पिशवीत गुंडाळलं, गोलातली चपल उचलली, झटकली आणि पायात घातली. वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी दुसरी लाट आली. १३ एप्रिल २०२१ ला राज्य सरकारनं निर्बंधांबरोबर ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली. रिक्षावाले, फेरीवाले, बांधकाम मजूर, घरकामगार, प्रत्येकी १,५०० रुपये. मला आनंद झाला, यात तरी मावशी बसतील म्हणून. पण अट होती, नोंदणीकृत घरकामगार. घरकामगारांसाठीचा आपल्या राज्याचा कायदा २००८ चा आहे. एका संघटनेनं मावशींची नोंदणी पूर्वी केलीही होती. तिचं नूतनीकरण राहिलेलं. त्याला एक शब्द आहे: 'नोंदणी जीवित नाही'. मी तो शब्द त्यांना वाचून दाखवला नाही. नव्यानं अर्ज करायचा तर कामाचा दाखला हवा, म्हणजे मालकिणींची सही. चार घरांपैकी दोन घरांनी सही दिली नाही. "उगाच कायद्याचं काही मागे लागायला नको" असं उत्तर आलं. बारा-बारा वर्षं ज्या हातांनी घासलेल्या ताटात जेवलो, त्या हातांसाठी एक सही निघत नाही. याचा मला सरकारपेक्षाही जास्त राग आला होता आणि अजून आहे.

आता माझं सांगते. नोव्हेंबर २०२० मध्ये मला मोबाइलवर बँकेचा संदेश आला, खात्यात काही रक्कम जमा. कर्जाचे हप्ते थांबवायची सहा महिन्यांची मुभा होती, त्या काळातलं चक्रवाढ व्याज आणि सरळ व्याज यांतला फरक सरकार दोन कोटींपर्यंतच्या कर्जदारांना देत होतं. मी एकही हप्ता थांबवला नव्हता. तरी पैसे आले. अर्ज नाही, दाखला नाही, रांग नाही. लहान उद्योगांसाठी सरकारच्या हमीवर बँकांनी द्यायच्या तीन लाख कोटींच्या कर्जाचंही तेच. २९ फेब्रुवारी २०२० ला ज्याच्या नावावर कर्ज बाकी होतं, त्याला त्या बाकीच्या २० टक्क्यांपर्यंत नवं कर्ज. ज्याचं आधीच कुठल्यातरी वहीत नाव आहे, त्याच्यापर्यंत मदत चालत येते. ज्याचं नाही, त्यानं आधी आपण आहोत हे सिद्ध करायचं. लोकांचा रोष ५०० रुपये कमी पडले म्हणून होताच, पण खोल जखम ही होती.

इथं जरा थांबते. पगारदार मंडळींनी हात वर करा. बरेच आहेत. पगारातून व्यवसाय कर किती जातो? बरोबर, दरमहा २००. आणि फेब्रुवारीत? ३००, शाब्बास! हा कर कशासाठी सुरू झाला, सांगा. ...एकच हात. आजोबा, तुम्हाला माहीत असणारच. रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा, हा त्यामागचा विचार. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तासगावात प्रयोग केला, ७२ च्या दुष्काळात तो राज्यभर गेला आणि १९७७ साली कायदा झाला.

त्या दुष्काळात मी दहा वर्षांची, माण तालुक्यात. आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायची. तिथं मला सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटायचं कोरडं खाणं, मिळायची, म्हणून मी मागे मागे. आई पहिल्या दिवशी गेली तेव्हा मुकादमानं एवढंच विचारलं, "नाव काय?" आणि मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, लिहिलं. तुझं खातं कुठलं, तुझी नोंदणी कधीची, तुला खरंच भूक आहे का, काही नाही. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. मजुरी तोकडी होती, पगार रखडायचे, हे मी विसरलेले नाही. पण जो येईल त्याचं नाव लिहायचं, ही रीत होती.

चिठ्ठी आलीय, सात मिनिटं राहिलीत. मग मुद्दा भराभर मांडते.

१८८० च्या दशकात इंग्रजांनी दुष्काळ संहिता, म्हणजे दुष्काळात सरकारनं काय करायचं त्याच्या नियमावल्या, केल्या. हेतू त्यांचे होते, पण दुष्काळात काम देणं हे सरकारचं कर्तव्य म्हणून कागदावर आलं. त्याच इंग्रजांनी मुंबईच्या प्लेगनंतर १८९७ चा साथरोग कायदा केला. त्यात नियम करायचा अधिकार आहे, मोडणाऱ्याला शिक्षा आहे, अधिकाऱ्याला संरक्षण आहे. रोजी बुडालेल्यासाठी एक अक्षर नाही. पुण्यात त्याचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. २०२० मध्ये आपण तोच कायदा काढला. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात मदतीचं कलम आहे, पण मृतांच्या वारसांना त्याखाली रक्कम द्यायला २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

मला साथीसाठी मस्टर हवं आहे. साथीत काम काढता येत नाही, कबूल. मग मतदान केंद्र घ्या. देशाच्या कानाकोपऱ्यात आपण ती उभी करतो. सरकारनं काम बंद केलं की आठवड्याच्या आत ती उघडायची. जो येईल, मग तो बिहारचा असो की बीडचा, त्याच्या बोटाला शाई लावायची आणि ठरलेली रक्कम व धान्य द्यायचं. कार्ड नाही, खातं नाही. दुबार घेणाऱ्याला शाई अडवेल. सुखवस्तू लोक घेतील म्हणता? ७२ ला एकही सावकार खडी फोडायला आलेला मी पाहिला नाही. उन्हात दोन तास उभं राहून जो हजार रुपये घेतो त्याला ते हवेच असतात. गर्दी होईल म्हणता? ती बँकांसमोर झालीच होती. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली जे १६ मजूर गेले, ते जालन्याहून गावाकडे चालत निघाले होते. जालन्यातच त्यांना शाई लागली असती, तर ते त्या रात्री रुळांवर असते का, हा प्रश्न मला सोडत नाही.

वेळ संपली, कळलं. मस्टर येईल तेव्हा येईल, तोवर राज्य यादीचंच आहे. म्हणून बाहेर टेबलावर घरकामगार नोंदणीचे अर्ज ठेवलेत. ज्यांच्या घरी कामाला बाई येतात त्यांनी एकेक घेऊन जा, सही करा आणि भरायला त्यांच्याबरोबर जा. मावशींचा अर्ज गेल्या वर्षी मंजूर झाला. उरलेल्या दोन सह्यांपैकी एक अखेर मिळाली, दुसरी नाही.