पानाची मागची बाजू

सकाळचे साडेसहा. निफाड तालुक्यातली द्राक्षबाग. पानांवर दव, मांडवाच्या तारेला थेंब. गोडी छाटणीला, म्हणजे घडांसाठीच्या ऑक्टोबरातल्या छाटणीला, वीस दिवस झालेत.

युरोपातली वेल हिवाळाभर झोपते, मार्च-एप्रिलात फुटते. आपण ऑक्टोबरात काडी छाटतो, काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कळ्यांना, फूट यावी म्हणून पेस्ट लावतो, नि दहा-बारा दिवसांत पोंगे, म्हणजे कोवळे कोंब, फुटतात. नाशिकच्या वेलीचा वसंत तो हाच. रोगही याच कोवळ्या फुटीवर येतो.

हे पान बघा. वरून हिरवंगार, पण शिरेजवळ एक फिकट पिवळा डाग. कागदावर तेलाचा थेंब पडावा तसा. उजेडाकडे धरलं की आणखी उठून दिसतो.

आता पान उलटं करू. डागाच्या बरोबर खाली पांढरी लव, कापसासारखी. पुस्तकात या रोगाचं नाव केवडा, बागेत सगळे डावणीच म्हणतात. लव रात्रीच्या दमट हवेत उगवते. ऊन चढलं की मळकट पडते, मग ओळखू येत नाही. म्हणून आम्ही इतक्या लवकर आलो.

शेजारच्या पानावरही पांढरं आहे, पण ते राखेसारखं, वरच्या बाजूलाही, बोटाने पुसलं जाणारं. ही भुरी, दुसरा रोग. तिचं औषध वेगळं. डावणीला पानावर पाणी लागतं. बीजाणू थेंबात पोहत पर्णरंध्रातून आत शिरतात.

पिंपातलं हे निळं पाणी म्हणजे बोर्डो मिश्रण, मोरचूद आणि चुना. छाटणी झाली की लगेच याने खोडं, ओलांडे (खोडाच्या आडव्या फांद्या) धुतात. 1878 च्या सुमारास डावणी अमेरिकेतून फ्रान्सला पोचली, बागा उजाड होऊ लागल्या. 1882 मध्ये फ्रान्सच्या बोर्डो शहराजवळच्या मेदोक भागात प्राध्यापक मिलार्दे चालले होते. रस्त्याकडेच्या वेलींची पानं तेवढी शाबूत. वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून त्या वेलींवर मोरचूद-चुना मारला होता. 1885 मध्ये मिलार्देंनी हे मिश्रण जगापुढे मांडलं. बागेतून चालताना, पानं बघताना सापडलेलं औषध आहे हे.

डावणी घडावर उतरली की घड तपकिरी पडून वाळतो. 2009 च्या नोव्हेंबरातल्या अवकाळी पावसानंतर कितीतरी बागांत हेच झालं.

बागेत पानं तपासणाऱ्या मावशी सखल कोपऱ्यापासून सुरुवात करतात. तिथे पाणी साचतं, फूटही दाट. वरच्या पानांना हात लावत नाहीत. आधी खालचं पान, आणि तेही उलटं करून.