नवं टूल आलं की मी आधी ‘कऱ्हाड’ टाइप करतो

(कऱ्हाड येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. सकाळी प्रीतिसंगमावर जाऊन आलो. येताना दुकानांच्या पाट्या वाचत होतो. काहींवर ‘कराड’ आहे, काहींवर ‘कऱ्हाड’. मला हे दुसरं रूप फार प्रिय आहे आणि त्याचं कारण माझ्या कामात आहे. नवी प्रोग्रॅमिंग भाषा, नवा एडिटर, नवी लायब्ररी, काहीही आलं की मी त्यात सगळ्यात आधी तुमच्या गावाचं नाव टाइप करतो.

का, ते सांगतो. कुठल्याही नव्या टूलबरोबर एक डेमो येतो आणि तो डेमो नेहमी चालतो. ज्यानं पेपर काढला त्यानंच तो सोडवला, तर पैकीच्या पैकी मिळणारच. त्यामुळे डेमो बघून मला त्या टूलबद्दल काही कळत नाही. माझ्या रोजच्या कामातली अवघड वस्तू मी त्याच्यापुढे ठेवतो, तेव्हा कळतं. आणि माझ्या कामातली सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे मराठी मजकूर.

ही सवय मला एका रात्री लागली. २००७ साल होतं. एका संस्थेच्या सभासदांना पत्रं छापून द्यायची होती आणि प्रोग्रॅम मी पायथन २ मध्ये लिहिला होता. टेस्टिंगसाठी दहा-बारा नावं घातली होती, सगळी इंग्रजी अक्षरांत. सगळं सुरळीत. छपाईच्या रात्री खरी यादी आली, ती मराठीत. पहिल्याच नावाला प्रोग्रॅम बसला. स्क्रीनवर युनिकोड-डिकोड-एरर: २२४ क्रमांकाचा बाइट (मजकूर साठवायचा एक आकडा) वाचता येत नाही, १२८ च्या आतलाच चालेल. पहाटे चारपर्यंत मी त्या २२४ शी झगडत होतो.

नंतर शांतपणे बसून शोधलं. युनिकोड जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देतं आणि यूटीएफ-८ ही तो क्रमांक बाइटांत साठवायची पद्धत. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं, आणि त्यातला पहिला बाइट कायम २२४ असतो. क असो, ज्ञ मधला ज असो, वेलांटी असो. म्हणजे त्या रात्री माझा प्रोग्रॅम एखाद्या विचित्र नावाला अडखळला नव्हता. आपल्या लिपीच्या उंबऱ्यावरच तो अडला होता. पायथन २ इंग्रजी मजकुरापुरतं बाइट आणि अक्षर यांतला फरक झाकून ठेवायचं, आणि मराठी आली की ते झाकण उडायचं.

३ डिसेंबर २००८ ला पायथन ३ आलं. माझ्या ओळखीतले बहुतेक जण वैतागले. साधं प्रिंट लिहायचं तर कंस द्यावे लागतात, जुना कोड चालत नाही, कशाला हे सगळं? त्यांचा वैताग खोटा नव्हता. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला थांबला, म्हणजे हे स्थलांतर अकरा वर्षं रेंगाळलं. पण मी पहिल्याच दिवशी खूश होतो. मजकूर वेगळा आणि बाइट वेगळे, हे आता भाषेनंच ठरवून टाकलं होतं. दोन्ही एकत्र जोडायला गेलो तर ती मला टेबलावरच थांबवत होती, टेस्टिंगसाठी इंग्रजी नावं घातली असली तरीसुद्धा. छपाईच्या रात्री फुटणारी चूक दुपारी, माझ्यासमोर फुटू लागली.

दुसरा किस्सा गो भाषेचा. १० नोव्हेंबर २००९ ला ती जाहीर झाली. तिच्या तीन कर्त्यांपैकी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनीच १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत बसून यूटीएफ-८ ची मांडणी केली होती. म्हटलं, इथं तरी आपलं घर असणार. मी ‘घर’ नावाचा व्हेरिएबल, म्हणजे किंमत ठेवायचा डबा, लिहिला. चालला. ‘वय’ लिहिला. चालला. मग ‘नाव’ लिहिलं आणि कंपायलरनं, म्हणजे कोड तपासून मशीनच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रॅमनं, काना दाखवून सांगितलं, हे चिन्ह नावात चालणार नाही.

बघा, फरक कुठे आहे. गोच्या नियमात नावामध्ये फक्त अक्षरं आणि अंक चालतात. घ, र, व, य ही युनिकोडच्या हिशेबात अक्षरं आहेत. काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं नव्हेत, जोडून येणारी चिन्हं आहेत. काना-मात्रेशिवाय मराठीत किती शब्द उरतील, तुम्हीच मोजा. या निर्णयामुळे काही भाषा बाहेर राहतात, असं गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत लिहिलेलं आहे, आणि उदाहरण म्हणून देवनागरीचंच नाव घेतलेलं आहे. ते वाचून मला वाईट वाटलं, आजही वाटतं. ऑफिसच्या कामात मी व्हेरिएबलना मराठी नावं देत नाही. पण सातवीतली एखादी मुलगी पहिला प्रोग्रॅम लिहिताना ‘बेरीज’ असं नाव देऊ इच्छिते, तिला ते देता यायला हवं. पायथन ३ मध्ये येतं, जून २०२१ पासून रस्ट या भाषेतही येतं. तरीही गोला एक श्रेय देतो: ते कुठे अडलं हे त्यानं बोट ठेवून सांगितलं. मला शोधाशोध करावी लागली नाही.

रस्टची १.० आवृत्ती १५ मे २०१५ ची. मी स्ट्रिंगमधलं, म्हणजे मजकुराच्या तुकड्यातलं, पहिलं अक्षर नेहमीच्या पद्धतीनं, क्रमांक देऊन मागितलं, तर कंपायलरनं सरळ नकार दिला. क्रमांकानं अक्षर मिळत नाही म्हणाला. पहिल्या दिवशी मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. म्हणून त्यांचं अधिकृत पुस्तक उघडलं, आणि त्या नकाराचं कारण समजावायला तिथं देवनागरीतला ‘नमस्ते’ शब्द घेतलेला होता! त्यात लिहिलेलं असं: बाइट मोजले तर १८, युनिकोडची चिन्हं मोजली तर ६, आणि माणूस ज्याला अक्षर म्हणेल तशी ४. तुम्हाला यातलं काय हवंय ते आधी सांगा, मग देतो.

पण ४ का? न, म, स्ते. आपण ३ म्हणतो. तेव्हाच्या युनिकोड नियमात स् आणि ते यांच्यामध्ये तुकडा पडत होता, जोडाक्षर एक धरलं जात नव्हतं. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोड १५.१ आलं आणि त्यात देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी हा नियम बदलला. आता ‘स्ते’ एकच. ही बातमी वाचली त्या दिवशी मी आईला फोन केला होता. ती शाळेत मराठी शिकवायची. तिला म्हटलं, जगातल्या कॉम्प्युटरांना आता जोडाक्षर कळायला लागलंय. ती म्हणाली, “बरं झालं, पण इतकी वर्षं काय मोजत होते ते?”

आता तुमच्या गावाकडे येतो. कऱ्हाडमधला तो आडवा र, वऱ्हाडातला, तऱ्हेतला, दुसऱ्यातला. हा आपला खास मराठी र. तो कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला वेगळा र आणि हलंत. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात. पायथनला लांबी विचारा: पहिल्या कऱ्हाडची ६, दुसऱ्याची ७. आणि दोन्ही एकच आहेत का विचारलं तर उत्तर येतं, नाहीत. युनिकोडच्या प्रमाणीकरणातूनही, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एक करायच्या प्रक्रियेतूनही, हे दोन एकत्र येत नाहीत. अर्ज भरताना एकानं एका कीबोर्डवर गाव टाइप केलं आणि शोधणाऱ्यानं दुसऱ्या कीबोर्डवर, तर शोध रिकामा येतो. एरर नाही, इशारा नाही. माणूस यादीत असतो आणि सापडत नाही. ‘ॲप’ या शब्दाचंही हेच आहे. त्याचा ॲ स्वतंत्र चिन्ह म्हणून २००८ मध्ये युनिकोडमध्ये आला. त्याआधीची माणसं अ वर चंद्र देऊन लिहायची, आणि कित्येक कीबोर्डांवर अजून तसंच लिहिलं जातं.

मला खरी भीती या गप्प चुकीची वाटते. पायथन २ रात्री ओरडलं, गो आणि रस्ट तोंडावर नाही म्हणाले. त्यांच्याशी भांडता येतं. जे गुपचूप चुकीचं उत्तर देतं, त्याच्याशी कसं भांडणार?

म्हणून कोड लिहून देणारी एआय टूल्स आली, तेव्हाही मी हेच केलं. गिटहब कोपायलटची पहिली चाचणी आवृत्ती जून २०२१ मध्ये आली आणि त्यानंतर अशी कितीतरी आली. मी ती रोज वापरतो, माझा वेळ वाचतो, त्याबद्दल तक्रार नाही. त्यांची मराठीही सुधारते आहे. मे २०२४ मध्ये ओपनएआयनं जीपीटी-४ओ या एआय मॉडेलबरोबर जे आकडे दिले, त्यात मराठीच्या एका नमुन्याला आधी ९६ टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे करतं ते) लागत होते, ते ३३ वर आले. मराठी माणसासाठी हा मोठा फरक आहे, कारण पैसे टोकनांवर मोजले जातात.

पण अशाच एका सहायकाला मी सांगितलं, शब्द उलटा करणारं फंक्शन दे. त्यानं एका ओळीत दिलं, पाठ्यपुस्तकातलं, बरोबर तीन टेस्टही लिहून दिल्या. तिन्ही इंग्रजी शब्दांच्या. तिन्ही पास. मी ‘नमस्ते’ घातलं. ‘ते’ वरची मात्रा सुटून सगळ्यात पुढे आली, तिच्याखाली ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ, आणि मग ‘त्समन’. हवं होतं ‘स्तेमन’. जोडाक्षर फोडू नकोस असं सांगितल्यावर त्यानं नीट कोड दिला. म्हणजे ज्ञान त्याच्याकडे होतं. विचारायला कुणीतरी मराठी माणूस लागला.

माझ्याकडे एक साधी टेक्स्ट फाइल आहे, नाव ‘कसोटी’. त्या २००७ च्या रात्रीनंतर सुरू केली. त्यात आज त्रेचाळीस शब्द आहेत: कऱ्हाड दोन्ही तऱ्हांनी, ॲप दोन्ही तऱ्हांनी, ज्ञानेश्वर, पुण्याच्या टेकड्या, माझ्या मुलीचं नाव. नवं काही आलं की ती फाइल त्यातून जाते: मोजणं, उलटवणं, शोधणं, क्रम लावणं, कापणं. वीस मिनिटं लागतात.

मी ती आत्ता उघडतो. मागच्या रांगेत दिसतंय ना? आता तुमच्या वर्गाच्या हजेरीपटातलं, तुम्हाला सगळ्यात अवघड वाटतं ते आडनाव सांगा. चव्वेचाळीसावी ओळ रिकामी आहे.