तरफांचं वाद्य आणि पाउल हिंडेमिथ

हे वाद्य नीट पाहा. गज फिरतो तो वरच्या सात तारांवर. त्यांच्याखालून आणखी सात तारा गेल्या आहेत. त्यांना ना गज लागतो, ना बोट. वरचा सूर नेमका लागला की त्या आपोआप गुंजू लागतात. सारंगी ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, या तरफाच आहेत.

वाद्याचं नाव व्हायोला द'आमोरे. जर्मन रचनाकार बाखने १७२४ साली आपल्या 'सेंट जॉन पॅशन' या धार्मिक गानरचनेत ते वापरलं. पुढे मोठी सभागृहं आली, मोठे वाद्यवृंद आले आणि हा हळवा आवाज मागे पडला.

१९२२ साली हे वाद्य जर्मन रचनाकार आणि वादक पाउल हिंडेमिथ यांच्या हाती आलं आणि त्यांना त्याचा लळाच लागला. हिंडेमिथ मूळचे फ्रँकफर्टजवळच्या हानाऊचे. विशी गाठता गाठताच ते फ्रँकफर्टच्या ऑपेरात प्रमुख व्हायोलिनवादक झाले होते. पण पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी साधा व्हायोला धरला, म्हणजे व्हायोलिनचाच थोडा मोठा, खालच्या सुरांचा भाऊ. चार तंतुवाद्यांच्या चौकडीत वरची चाल व्हायोलिनची, खर्ज चेलोचा. व्हायोला या दोघांच्या मध्ये, सहसा कुणाचं लक्ष न जाणारा. हिंडेमिथना तिथेच बसायचं होतं.

जग त्यांना ओळखतं ते आधुनिक, बंडखोर रचनाकार म्हणून. त्याच माणसाने १९२२ मध्येच व्हायोला द'आमोरे या विस्मरणात गेलेल्या वाद्यासाठी सोनाटा लिहिला, १९२७ मध्ये कॉन्चेर्तो, म्हणजे एक वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, लिहिला, आणि दोन्ही स्वतः वाजवले. मला यात विसंगती दिसत नाही. जुनं वाद्य त्यांच्या लेखी काचेच्या कपाटातली वस्तू नव्हतं. ते वाजायला हवं होतं.

जानेवारी १९३६. हिंडेमिथ वादनासाठी लंडनला आले होते, आणि राजा पंचम जॉर्ज वारले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, बीबीसीच्या एका खोलीत बसून त्यांनी व्हायोला आणि तंतुवाद्यांसाठी शोकसंगीत लिहिलं. रेडिओवर व्हायोला त्यांनीच वाजवला. शेवटच्या भागात, अगदी हळू, एक जुनी प्रार्थनेची चाल येते. बाखनेही तीच चाल हाताळली होती.

त्याच वर्षी नाझी जर्मनीत त्यांच्या संगीतावर बंदी आली. १९३८ मध्ये स्वित्झर्लंड, १९४० मध्ये अमेरिका. येल विद्यापीठात त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन जुन्या संगीताचा गट उभा केला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातून जुनी वाद्यं मागून आणली, त्यांवर पोरांना बसवलं, शेकडो वर्षांपूर्वीचं संगीत पुन्हा वाजतं केलं. बाख वाजवायचा तर त्याच्या काळातली वाद्यं आणि वादनाची परिस्थितीही परत आणायला हवी, असं ते सांगत. त्या काळी हे ऐकणारे थोडेच होते.

१९५४, व्हिएन्ना. इटालियन रचनाकार मोंतेवेर्दीचा 'ओर्फेओ', १६०७ सालचा ऑपेरा, हिंडेमिथ जुन्या वाद्यांवर सादर करत होते. वादकांमध्ये चोविशीतला एक तरुण बसला होता, निकोलाउस हार्नोनकूर. पुढे जुन्या वाद्यांच्या चळवळीतलं ते एक मोठं नाव झालं.

साठचं दशक सरताना हार्नोनकूर यांनी आपल्या वाद्यवृंदासह तोच 'ओर्फेओ' ध्वनिमुद्रित केला. ते ऐकायला हिंडेमिथ नव्हते. १९६३ च्या डिसेंबरात फ्रँकफर्टला त्यांचं निधन झालं होतं.