समुद्री बहुशर्करा आणि आपले आतडे

लाटांचे तडाखे सोसूनही तपकिरी समुद्री शेवाळ तुटत नाही, कारण त्याच्या पेशीभित्तिकेतील अल्जिनेट नावाची बहुशर्करा (शर्करेच्या घटकांची साखळी) त्याला लवचिकपणा देते. 1881 मध्ये रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड स्टॅनफर्ड यांनी तिचा शोध लावला.

पिष्टमय पदार्थांप्रमाणेच अल्जिनेट हीदेखील एक लांब साखळी आहे. मात्र तिचे दुवे तोडणारे विकर (एन्झाइम) मानवी शरीर तयार करत नाही, त्यामुळे पचनातून तिची ऊर्जा आपल्याला थेट मिळत नाही. तरीही ती निष्क्रिय राहत नाही. जठरातील आम्लात तिचा जेल बनतो, अन्न तेथून सावकाश पुढे सरकते आणि जेवणानंतर रक्तातील साखर चढण्याचा वेग मंदावू शकतो. हा परिणाम अल्जिनेटच्या प्रकारावर आणि मात्रेवर अवलंबून असतो, हे येथे आवर्जून सांगायला हवे.

कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचांतील कायटिनपासून बनणारे कायटोसान पित्ताम्लांना, म्हणजे मेद पचवायला मदत करणाऱ्या पित्तातील आम्लांना, बांधून ठेवते. ती भरून काढण्यासाठी यकृताला कोलेस्टेरॉल खर्च करावे लागते. दररोज 3 ग्रॅम कायटोसान रक्तातील एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल सामान्य राखण्यास हातभार लावते, हा दावा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2011 मध्ये ग्राह्य धरला. वजन घटवण्याचा दावा मात्र मान्य केला नाही. जाहिरातींमध्ये नेमका हाच फरक पुसला जातो.

या साखळ्यांची खरी कहाणी मोठ्या आतड्यात घडते. तेथील जिवाणू तपकिरी शेवाळातील लॅमिनारिनसारख्या बहुशर्करा आंबवून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लघुशृंखल मेदाम्ले तयार करतात. त्यांपैकी ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे प्रमुख इंधन आहे. म्हणजे आपण जे पचवू शकत नाही, ते जिवाणू पचवतात आणि त्यातला वाटा आपल्याला परत देतात.

पण हे जिवाणू सर्वांच्या आतड्यात सारखे नसतात. नोरी या लाल शेवाळातील पॉर्फायरान ही बहुशर्करा तोडणारे विकर फ्रान्समधील संशोधकांना आधी एका सागरी जिवाणूत सापडले आणि मग, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार, त्याचेच जनुक जपानी व्यक्तींच्या आतड्यातील बॅक्टेरॉइडिस प्लेबियस या जिवाणूतही आढळले. तपासलेल्या उत्तर अमेरिकी व्यक्तींमध्ये ते नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेल्या शेवाळासोबत पोटात गेलेल्या सागरी जिवाणूंकडून हे जनुक आतड्यातील रहिवाशांना मिळाले असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणूनच समुद्री बहुशर्करांची चाचणी घेताना त्या किती ग्रॅम दिल्या याच्या जोडीला, त्या घेणाऱ्याच्या आतड्यात कोणते जिवाणू वस्तीला आहेत हेही नोंदवावे लागते.