४४ टक्के

(दृश्य: अमेरिकेतल्या एका विद्यापीठातली प्रयोगशाळा. आत उपकरणांचे दिवे, बाहेरच्या टेबलावर उघडा लॅपटॉप.)

अमेरिकेत सरकारी ग्रँटवर काम करणाऱ्या प्राध्यापकाचा संशोधनाचा वेळ नेमका कशात जातो? फेडरल डेमॉन्स्ट्रेशन पार्टनरशिपने हे प्राध्यापकांनाच विचारलं. या मंचावर पैसे देणारी सरकारी खाती आणि पैसे घेणारी विद्यापीठं, दोघंही बसतात. २००५ मध्ये उत्तर आलं: ४२ टक्के वेळ प्रस्ताव, मंजुऱ्या, अहवाल आणि हिशेबात. २०१२ मध्ये पुन्हा ४२. २०१८ मध्ये आकडा ४४ च्या वर गेला. मधल्या वर्षांत कागद कमी करण्याच्या घोषणा बऱ्याच झाल्या होत्या.

(दृश्य: स्क्रीनवर एक फॉर्म. तीन ओळी, टक्क्यांचे तीन रकाने.)

हा एफर्ट रिपोर्ट. सत्र संपलं की प्राध्यापकाने सांगायचं, आपल्या कामातला किती वाटा कुठल्या ग्रँटवर गेला. एकीवर २० टक्के, दुसरीवर १५, उरलेले ६५ शिकवण्यात. बेरीज १०० च यायला हवी. गंमत म्हणजे हे १०० म्हणजे आठवड्याचे ४० तास नव्हेत. कुणी ६० तास राबत असेल, तर त्याचे १०० टक्के म्हणजे ते ६० तास. शनिवारी घरी बसून केलेलं कामही त्यातच मोजायचं. चार महिन्यांपूर्वीच्या मंगळवारी आपण काय करत होतो, हे कुणाला आठवतं? मग पगार ज्या प्रमाणात विभागला होता, तेच आकडे पाहून सही होते.

यात पाय घसरतो तो उन्हाळ्यात. बहुतेक प्राध्यापकांची नेमणूक नऊ महिन्यांची असते, उन्हाळ्याचा पगार ग्रँटमधून काढता येतो. पण उन्हाळ्याचा १०० टक्के पगार ग्रँटवर टाकला, तर त्या काळातलं १०० टक्के कामही त्याच ग्रँटचं असायला हवं. त्याच दिवसांत पुढच्या नव्या ग्रँटचा प्रस्ताव लिहिला, तर ते तास या ग्रँटचे धरता येत नाहीत. २००८ मध्ये येल विद्यापीठाने असेच आरोप मिटवण्यासाठी केंद्र सरकारला ७६ लाख डॉलर दिले. आरोपात दुसराही भाग होता: मुदत संपत आलेल्या ग्रँटमधले उरलेले पैसे संपवायला दुसरीकडचे खर्च तिच्यावर ढकलणं.

अशी एक तडजोड झाली की तिचे पडसाद शंभर विद्यापीठांत उमटतात. ऑडिटची धास्ती घेतलेलं विद्यापीठाचं ऑफिस सरकारने न मागितलेली एक सही वाढवतं, मग एक प्रशिक्षण, मग एक तपासयादी. प्राध्यापक 'सरकारी नियम' म्हणून ज्याला शिव्या घालतो, त्यातलं बरंचसं त्याच्याच विद्यापीठात शिजलेलं असतं. नियम हलला तरी ते हलत नाही.

(दृश्य: जुन्या फायलींचं कपाट, शेजारी एकच पानाचा पगार-अहवाल.)

पुरावा एफर्ट रिपोर्टचाच घ्या. डिसेंबर २०१४ मध्ये लागू झालेल्या युनिफॉर्म गाइडन्सने, म्हणजे ग्रँटच्या पैशांसाठीच्या सरकारच्या एकत्रित नियमांनी, पगाराच्या नोंदींसाठी एकच ठरावीक पद्धत धरून ठेवली नाही. अंतर्गत नियंत्रणं भक्कम असावीत आणि पगार खऱ्या कामाशी जुळावा, एवढं पुरे. त्याआधीच मिशिगन टेक, जॉर्ज मेसन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन व रिव्हरसाइड इथे वेगळी रीत आजमावली गेली होती: माणसागणिक टक्के विचारायचे नाहीत. प्रकल्पागणिक, वर्षातून एकदा, प्रमुख संशोधकासमोर त्या ग्रँटवर कुणाला किती पगार गेला याची यादी ठेवायची आणि तो वाजवी आहे का, एवढंच विचारायचं. बारा जणांचे बारा फॉर्म जाऊन एक यादी. तरी अनेक विद्यापीठांनी पुढे कित्येक वर्षं जुनाच फॉर्म चालवला. ओळखीचा होता ना!

कागद न घटण्याचं दुसरं कारण पैशाचं. ग्रँटच्या थेट खर्चावर विद्यापीठाला अप्रत्यक्ष खर्च मिळतो. इमारत, वीज, ग्रंथालय हा एक भाग, प्रशासन हा दुसरा. विद्यापीठांच्या प्रशासनाच्या भागावर १९९१ पासून २६ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यानंतर आलेल्या प्रत्येक नियमासाठी माणूस नेमायचा, तर मर्यादेवरचा पगार विद्यापीठाच्या खिशातून. खिसा रिकामा असला की काम विभागाच्या कारकुनाकडून प्राध्यापकाकडे सरकतं.

खरेदीचा घोळ त्यामानाने लवकर निस्तरला. किंमत न तपासता घेता येणाऱ्या खरेदीची मर्यादा सुमारे ३,५०० डॉलरवर आली, तेव्हा साध्या रसायनांसाठीही दरपत्रकं गोळा करायची वेळ आली असती. विद्यापीठांनी ओरड केली, अंमलबजावणी लांबली आणि अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, त्यांच्यासाठी मर्यादा १०,००० डॉलर केली.

(दृश्य: तीन शहरांतली तीन रुग्णालयं, नकाशावर एका रेषेने जोडलेली.)

माणसांवरच्या अभ्यासांचं मात्र तसं झालं नाही. आधी एकाच अभ्यासाला प्रत्येक ठिकाणच्या नैतिक समितीची, म्हणजे आयआरबीची, वेगळी मंजुरी लागायची. एक समिती संमतिपत्रातला परिच्छेद बदलायची, दुसरी तो पुन्हा पूर्ववत करायला लावायची. जानेवारी २०२० पासून अमेरिकेतल्या बहुतेक सरकारी बहुकेंद्री अभ्यासांना एकच समिती पुरते. बाकीच्यांनी तिच्या निर्णयावर विसंबण्याचा करार करायचा. त्यासाठी स्मार्ट आयआरबी नावाचा तयार मसुदाही आहे. स्थानिक ऑफिसने फक्त स्थानिक गोष्टी बघायच्या: राज्याचा कायदा, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, हितसंबंध.

करारावर सह्या होतात. आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक ऑफिसचा मेल येतो: 'आमच्या नोंदीसाठी संपूर्ण प्रस्ताव आमच्याही पोर्टलवर भरावा.'