विश्वास धरणे आणि मागे चालणे

बंधुभगिनींनो, याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक वाक्य आहे, जे आपण उपासनेत वाचतो आणि बहुधा घाईने ओलांडून जातो. देव एकच आहे असा तुझा विश्वास आहे, ते बरे आहे. पण भुतेही तसाच विश्वास धरतात आणि थरथर कापतात, असे याकोब म्हणतो. मार्काच्या पहिल्या अध्यायात हे घडताना दिसते. कफर्णहूमच्या सभास्थानात जमलेले लोक येशूच्या शिकवणीने नुसते थक्क झालेले असतात, तेव्हा तो देवाचा पवित्र आहे हे अचूक ओळखून ओरडतो तो अशुद्ध आत्मा. सिद्धान्ताच्या परीक्षेत त्याचे उत्तर पूर्ण बरोबर ठरेल, परंतु तो येशूच्या मागे एक पाऊलही चालत नाही. येशूविषयी खरे ते जाणणे आणि येशूचे शिष्य असणे यांत केवढे अंतर राहू शकते, हे शुभवर्तमान इतक्या आरंभीच आपल्यापुढे ठेवते. आणि हे अंतर आपल्या मंडळ्यांमध्ये फार सहज खपवून घेतले जाते, अशी माझी खंत आहे.

हे अंतर मिटते तेव्हा काय घडते, हे लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कयाच्या घरी दिसते. येशूने त्याच्याकडे पैशाचा विषय काढल्याचे लूक कोठेही लिहीत नाही. तो फक्त म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. तरीही हा मुख्य जकातदार उभा राहून आपले अर्धे द्रव्य दरिद्र्यांना देण्याचे आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे वचन देतो. या चौपटीकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. गणनेच्या पाचव्या अध्यायातील नियमाप्रमाणे, आपला अपराध स्वतः कबूल करणाऱ्याने घेतलेली रक्कम आणि तिच्या एक पंचमांश इतकी भर देणे पुरेसे होते. चौपट भरपाई निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात येते, आणि ती मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्या चोरासाठी आहे. म्हणजे सवलतीचा दर उपलब्ध असताना जक्कयाने स्वतःला चोराचा दर लावला. शिवाय असे वचन पाळायचे तर हिशेब काढून बसावे लागते, कोणाकडून किती जास्त उकळले ते आठवावे लागते, आणि ज्यांना लुबाडले त्यांच्या दारात जाऊन उभे राहावे लागते. येशूविषयी जक्कय काय मानत होता याचे एकही सूत्र लूक नोंदवत नाही, तो फक्त हा व्यवहार नोंदवतो. आणि आज या घराला तारण प्राप्त झाले आहे, हे येशूचे उद्गार त्या व्यवहाराच्या लगेच पुढे येतात.

आता कोणी म्हणेल की नव्याने आलेल्या माणसाचा हा उत्साह आहे, मुरलेल्या विश्वासणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. प्रश्न खरोखरच वेगळा असतो, आणि अधिक कठीणही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात अंत्युखियाचा प्रसंग आहे. पेत्र तेथे परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंक्तीला जेवत असे; पण यरुशलेमेतील मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आल्यावर तो सुंता झालेल्यांच्या, म्हणजे यहूद्यांच्या, भीतीने मागे सरला आणि वेगळा राहू लागला, आणि बर्णबासुद्धा त्या ओघात वाहून गेला. येथे पेत्राच्या मतात बदल झालेला नव्हता. ज्याला देवाने शुद्ध ठरवले त्याला निषिद्ध म्हणू नये, हे त्याला दृष्टान्तातून कळले होते आणि परराष्ट्रीय शताधिपती कर्नेल्य याच्या घरी त्याने ते स्वतः बोलून दाखवले होते. त्याला कोणी विचारले असते तर त्याने पुन्हा तेच उत्तर दिले असते. तरी पौल त्याला सर्वांसमक्ष दोष देतो, आणि तो दोष असा की हे लोक सुवार्तेच्या सत्याला धरून नीट चालत नाहीत. पौलाच्या दृष्टीने सुवार्ता जेवणाच्या पंगतीतही खरी किंवा खोटी ठरत होती. कोण कोणाशेजारी बसतो, कोणाला पाहून आपण उठून जातो, या गोष्टी सिद्धान्ताच्या बाहेरच्या आहेत असे त्याने मानले नाही, आणि आपल्यालाही तसे मानण्याची मोकळीक नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. आपले तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते. मग आचरणावर इतका भर दिल्याने आपण पुन्हा कर्मांच्या जोखडाखाली जात नाही काय? ही भीती जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरलाही होती. 1522 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने कृत्यांवर भर देणाऱ्या याकोबाच्या पत्राला पेंढ्याचे पत्र म्हटले. पण त्याच आवृत्तीत रोमकरांस पत्राची ओळख करून देताना त्याने विश्वासाचे वर्णन जिवंत, क्रियाशील आणि समर्थ असे केले, आणि चांगली कृत्ये करावीत का, हे विचारण्याच्या आधीच विश्वासाने ती केलेली असतात, असे म्हटले. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातही आठवे वचन कृपेने झालेल्या तारणाविषयी बोलते आणि दहावे वचन ज्या सत्कृत्यांसाठी आपल्याला निर्माण केले त्यांविषयी. आपण आठवे पाठ करून तेथेच थांबतो, हा आपला दोष आहे. जक्कयाच्या घरी येशू आधी गेला आणि हिशेब नंतर झाला, हा क्रम मी कधीही उलटा करणार नाही. मात्र येशू घरात येऊन गेला आणि हिशेब तसाच राहिला, अशी गोष्ट शुभवर्तमान आनंदाने सांगत नाही.

आरंभीच्या मंडळीने हे गृहीत धरूनच बाप्तिस्म्याची तयारी करून घेतली. हिप्पोलिटसच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या मंडळीच्या शिस्तीच्या एका प्राचीन ग्रंथात बाप्तिस्म्यापूर्वी तीन वर्षे शिक्षण घेण्याचा नियम आहे. पण कोणी मनापासून झटत असेल तर काळ न मोजता त्याचे आचरण पाहावे, असेही तेथे म्हटले आहे. सुरुवातीलाच उमेदवाराला त्याचा धंदा विचारला जाई, आणि मूर्ती घडवणारा किंवा रिंगणात लढणारा असेल तर त्याने ते काम सोडावे, अशी अट असे. शेवटी बाप्तिस्म्याची वेळ येई तेव्हा चौकशी होई ती अशी: याने विधवांचा मान राखला काय, आजाऱ्यांना भेट दिली काय, सर्व प्रकारची सत्कृत्ये केली काय? आणि याचे उत्तर त्याला आणणाऱ्यांनी, म्हणजे त्याला जवळून पाहिलेल्या माणसांनी, द्यायचे असे.

मला येथे सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा साक्षीदार. शिष्यत्व एकट्याने शिकता येत नाही, कारण स्वतःचे आचरण स्वतःला धड दिसत नाही. विसाव्या शतकात हिटलरच्या राजवटीला विरोध करणारा जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर याने 1935 पासून फिंकनवाल्ड येथे पाळकपदाच्या उमेदवारांना शिकवले, तेव्हा तेथे अभ्यासाइतकाच सहजीवनाला मान होता. तेथील एक नियम असा होता की एखाद्या बंधूविषयी त्याच्या पाठीमागे बोलायचे नाही, आणि बोलणे झालेच तर ते त्याला जाऊन सांगायचे. नियम किती लहान आहे पाहा, आणि एक आठवडा पाळून पाहिल्यास तो किती जड आहे तेही कळेल. हा नियम मोडण्यातून आणि तो पुन्हा पाळण्याच्या निश्चयातून उमेदवार जवळजवळ तितकेच शिकले, जितके प्रवचनांतून आणि अभ्यासातून शिकले, असे त्यांच्यापैकी एकाने पुढे लिहून ठेवले आहे. 1937 साली गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ती शाळा बंद केली, आणि 9 एप्रिल 1945 रोजी बोनहोफरला फाशी दिले गेले. त्याच्या मरणाविषयी आपण आदराने बोलतो, आणि बोलावेच. पण त्या मरणाआधी पाठीमागे न बोलण्याचा सराव होता, हे सहसा सांगितले जात नाही.

म्हणून पाळकांना आणि मंडळीच्या वडीलजनांना माझी विनंती आहे. बाप्तिस्म्याच्या किंवा दृढीकरणाच्या वर्गात प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाचे प्राचीन सूत्र, जरूर पाठ करून घ्यावा. त्यातील प्रत्येक शब्दाला मी आमेन म्हणतो. त्याबरोबर प्रत्येक उमेदवाराला मंडळीतील एक प्रौढ व्यक्ती सोबतीला द्यावी, आणि त्या दोघांनी नियमितपणे बसून काही साधे प्रश्न बोलावेत: कोणाचे काही परत करायचे राहिले आहे काय, कोणाशी बोलणे बंद आहे, आणि कोणत्या आजारी किंवा एकाकी माणसाकडे या आठवड्यात जायचे आहे. उत्तरे त्या दोघांतच राहावीत, आणि सोबतीला दिलेल्या प्रौढ व्यक्तीनेही हेच प्रश्न स्वतःला लावून घेऊन आधी आपली उत्तरे द्यावीत.